कोंडीचा आळस

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून कोंडी साखरशेतला आईबापाच्या घरी परतली. जव्हार संस्थानाच्या शाळेतली नेमणूक यायला अजून अवकाश होता. तोवर घरकामाला हातभार लावावा म्हणून ती जात्यावर बसली, तर नवशी वहिनीने तिला हाताला धरून उठवलं. भात कांडायला गेली, तर मुसळ काढून घेतलं. "तू ओटीवर पुस्तक वाच, बाय," एवढंच वहिनी हसून म्हणायची.

कोंडीला ते फार लागलं. शेवटी एका दुपारी तिने विचारलंच, "वहिनी, शिकून आले म्हणून मी परकी झाले का गं?"

सासू जवळपास नाही हे पाहून नवशी हळूच म्हणाली, "तसं नाय, बाय. तू वाचत बसतेस, म्हणून माझ्या चैतीला तुझ्याजवळ पाटी घेऊन बसू देतात. तूच दळायला लागलीस, तर आई म्हणतील, शिकून जातंच ओढायचं तर पाटी कशाला?"

त्या दिवसापासून कोंडीने घरात इकडची काडी तिकडे केली नाही, आणि अख्ख्या साखरशेतात आळशी म्हणून नाव कमावलं.