पिंपापर्यंत

"आज नको," सिस्टर म्हणाल्या. "कालच सांगितलं ना तुला? पाणी गार पडलंय. आता पुढच्या उन्हाळ्यात."

शिवणवालीने चपला काढल्या आणि शालीची घडी करून त्यांच्यावर ठेवली. पोहण्याचा पोशाख तिने स्वतःच शिवला होता, कोपरापर्यंत बाह्यांचा, दुहेरी टिपेचा. "आजच, सिस्टर. एकदाच."

तळ्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी रोडावली होती. काठची झाडं पिवळी पडली होती. बोटवाला भाड्याच्या होड्या एकेक करून काठावर ओढत होता आणि पालथ्या घालत होता. त्याने तिथूनच हाक मारली, "सिस्टर, मासेसुद्धा स्वेटर घालून बसलेत आता! तुमचं काय चाललंय?"

"मला कशाला सांगतोस? हिला सांग."

पण तिला काही सांगायला तो धजला नाही. गल्लीत कुणीच धजत नसे. गेल्या वर्षी, पानं गळायला लागली त्याच दिवसांत, तिचा मुलगा या तळ्यात बुडाला होता. पाणी जिथून एकदम खोल होतं तिथे एक लाल पिंप साखळीने बांधून तरंगत ठेवलेलं आहे. मित्रांशी पैज लावून तो संध्याकाळी तिथवर पोहत गेला. सापडला दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर ती या बाजूला फिरकली नव्हती. उन्हाळा लागला तेव्हा मात्र एका सकाळी सिस्टरच्या दारात येऊन उभी राहिली. "मला पोहायला शिकवाल?" हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून सिस्टर रोज तळ्यात पोहत. भीती घालवायची असेल बिचारीला, असं त्यांना वाटलं. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.

शिकली मात्र नेटाने. नाकातोंडात पाणी गेलं तरी हूं की चूं नाही. फक्त डोकं पाण्याखाली घालायला तयार नसे. सगळा उन्हाळा ती कासवासारखी मान वर काढून पोहली.

"बरं, जा," सिस्टर अखेर म्हणाल्या. "पण काठाकाठाने. पिंपाकडे जायचं नाही."

तिने मान डोलावली. पाण्यात उतरली. पाणी कमरेला लागलं तसा तिचा श्वास अडकला; ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग हात मारायला लागली, आणि सरळ पिंपाच्या दिशेने निघाली.

"अगं ए! कुठे चाललीस? मागे फिर!"

ती फिरली नाही. पिंपाशी पोचली, साखळी धरली, वळून एकदा काठाकडे बघितलं. मग साखळी सोडून खाली गेली.

पिंप थोडं डुललं आणि स्थिर झालं.

सिस्टर अंगातल्या स्वेटरसकट पाण्यात शिरल्या. मागे बोटवाला ओरडत होता, पालथी होडी सरळ करायला धडपडत होता. सिस्टर अर्ध्यावर पोचल्या तेव्हा तिचं डोकं वर आलं. ठसका लागला होता, हात वेडेवाकडे पडत होते, पण पडत होते. सिस्टरनी तिचा दंड धरला तो पायाला जमीन लागेपर्यंत सोडला नाही.

दोघींना बोटवाल्याने काठावर ओढून घेतलं. आपलं जाकीट तिच्या अंगावर टाकलं आणि ब्लँकेटं आणायला शेडकडे पळाला.

"एक ठेवून देऊ का तुला?" सिस्टरचा आवाज चिरकला. "जीव द्यायला निघाली होतीस?"

"नाही हो." तिचे दात वाजत होते. "जीव द्यायचा असता तर पोहायला कशाला शिकले असते?"

सिस्टरनी तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि जोरजोरात चोळायला लागल्या.

"रात्री अंथरुणावर पडलं की तेच डोक्यात यायचं," ती म्हणाली. "किती गार लागलं असेल त्याला. खाली एकटा, रात्रभर. उन्हाळ्यात कसं कळणार ते? तेव्हा पाणी कोमट."

सिस्टरचे हात थांबले.

"आधी फार लागतं, सिस्टर. हाडात शिरतं. मग मात्र काही लागत नाही. काहीच नाही." तिने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही एवढी वर्षं हॉस्पिटलात होतात. असंच असतं ना?"

त्रास झाला नाही, झोपेतच गेला, असं सिस्टरनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कितीतरी आयांना सांगितलं होतं. कधी ते खरं असायचं, कधी नसायचं. आयांनी ते नुसतं ऐकून घेतलं होतं. स्वतः जाऊन बघून आलेली ही पहिलीच.

"हो," त्या म्हणाल्या. "असंच असतं."

तिने मान हलवली. पाण्याकडे बघत राहिली. दुकानात कापड जोखताना करायची तशी अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूहळू चोळत होती.

"तळाला हात लागला माझा," ती म्हणाली. "खाली पानंच पानं आहेत. थरावर थर. मऊ आहे, सिस्टर."