वारा लागता कामा नये

“शी मस्ट नॉट गेट विंड ऑफ इट,” काकूंनी मापांच्या वहीतून अडखळत वाचलं. “म्हणजे मला वारा लागता कामा नये, असंच ना मास्तर? दोन दिवस खिडक्या लावून बसलेय. उकडून जीव चाललाय.”

खालच्या मजल्यावरचे मास्तर जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. ते हसले नाहीत.

“खिडक्या उघडा, वहिनी. त्याचा अर्थ, तिला या गोष्टीचा सुगावा लागता कामा नये.”

“कुठल्या गोष्टीचा?”

“ते वाक्यात नाही.”

काकू चक्रावल्या. खोकला हटेना म्हणून गेल्या आठवड्यात मुलगा आणि सून त्यांना तपासणीला घेऊन गेले होते. आलोच आहोत तर म्हणून तिघांनीही रक्त तपासायला दिलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं, आणि त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर इंग्रजी सुरू झालं. तेही साधं नाही, हातभर लांब वाक्यं. काकू घरीच शिवणकाम करायच्या. इंग्रजी त्यांना कपड्यांच्या मापांपुरतं यायचं. पण कान तिखट. ऐकू येईल तसं वहीत उतरवायच्या आणि खाली यायच्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दारात.

“बाइट द बुलेट. गोळी चावायची का?”

“शब्दशः तसंच.”

“पण डॉक्टर तर म्हणाले, पाण्याबरोबर गिळा.”

“ती गोळी नव्हे हो, बंदुकीची. म्हणजे जे टळणार नाही, ते मुकाट्यानं सोसायचं.”

जिना चढता चढता काकू मध्येच थांबल्या. काय सोसायचं? खोकला तर निम्म्यावर आला होता.

घरातही कुणाचं काही कळत नव्हतं. मुलगा दुपारीच कामावरून परतायचा आणि शिवणयंत्राजवळ स्टूल ओढून बसायचा. मी लहानपणी कसा होतो, किती त्रास द्यायचो, तेच तेच विचारायचा. काकूंना त्यानं नवा चष्मा करून दिला. फोन लावायला शिकवलं. एरवी दोनदा विचारलं की वैतागणारा माणूस, पण त्यानं तेच बटण आठ वेळा दाखवलं आणि आवाज चढवला नाही. सून भांडी घासताना पाठमोरी उभी राहून डोळे पुसायची. विचारलं की म्हणायची, “साबण गेला.”

शुक्रवारी काकूंनी तिसरं वाक्य आणलं. “लिव्हिंग ऑन बॉरोड टाइम.”

मास्तरांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. “कोण म्हणालं हे?”

“सून. डॉक्टर असं म्हणाले, तसं म्हणाले, असं काहीतरी चाललं होतं.”

“वहिनी, तुम्ही कशाला या भानगडीत...”

“मास्तर, अर्थ सांगा.”

मास्तरांनी घसा खाकरला. “उसन्या वेळेवर जगणं. माणूस आज आहे, पण किती दिवस, ते सांगता येत नाही.”

काकूंनी वही मिटली. सुगावा, बंदुकीची गोळी, डोळ्यांत जाणारा साबण, सगळं आता एका धाग्यात येत होतं. तरी एक टाका बसेना.

“थोड्या दिवसांसाठी नवा चष्मा कशाला केला असेल त्यानं?”

“पोराचं मन,” मास्तर हळूच म्हणाले.

शनिवारी काकूंनी हातातली सगळी कामं उरकली. दोन पडदे, एका बाईचा झगा, एक पँट. ज्याचं त्याला पोचतं केलं. नवं काम घेतलं नाही. रात्री ताटं वाढली गेली आणि सुनेनं इंग्रजीत तोंड उघडलं, तसा काकूंनी हात वर केला.

“आता इंग्रजी पुरे. मला सगळं कळलंय.”

सून जागच्या जागी थिजली.

“काय कळलंय, आई?” मुलानं विचारलं.

“माझे थोडेच दिवस राहिलेत ते. अरे, सत्तरी ओलांडली मी. तुझं लग्न पाहिलं, तुझं घर पाहिलं, आणखी काय हवं? मला भीती नाही वाटत. फक्त तुम्ही दोघं असं चोरून रडू नका. ते मला बघवत नाही.”

सुनेनं तोंडावर हात दाबला. मुलगा उठला, काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि त्यांचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घेतले. त्याला धीर यावा म्हणून काकू हसल्या.

“आई, तुला साधा खोकला आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर बोलले ते माझ्याबद्दल.”