चौथा नळ

विमानतळाच्या स्वच्छतागृहात शिरून शेवंताबाईंनी चष्मा चढवला, तसं सकाळपासून कुणी कुठे हात लावला ते सगळं लाल दिसू लागलं. कड्या, फ्लशची बटणं, नळ. शेवटचा लाल ठिपका जाईपर्यंत पुसायचं, हेच त्यांचं काम.

चौथ्या नळाच्या दांड्यावर मात्र बोटं नव्हती. तिथे कोपर टेकल्याची खूण होती आणि तिच्यात तीन टाक्यांचा व्रण.

फडका हातातच राहिला. ‘धुतलेला हात परत नळाला लावायचा नाही, कोपरानं बंद करायचा,’ हे त्यांनीच आपल्या लेकीला, प्रणिताला, लहानपणी शिकवलं होतं. झोक्यावरून पडली तेव्हा कोपराला ते टाकेही तिला त्यांच्याच मांडीवर बसवून घातले होते.

भांडून गेली त्याला तीन वर्षं झाली. एक फोन नाही. आज इथवर येऊन न भेटताच गेली. पण नळ अजून आईनं सांगितलं तसाच बंद करते पोरगी!

चष्म्यातलं सगळं आपल्या पडद्यावर पाहणारा सुपरवायझर कानातल्या यंत्रातून म्हणाला, “मावशी, चार नंबर अजून लाल दिसतोय.”

“पुसते, साहेब.”

शेवंताबाईंनी बाही वर सारली आणि आपलं कोपर त्या खुणेवर अलगद टेकवलं.

“अहो मावशी, लाल तर आणखी गडद झालं!”