शंभरातले पंधरा
टीव्हीवर सांगितलं, सत्तरीपुढच्या शंभर कोरोना रोग्यांतले पंधरा दगावतात, आणि म्हैसूरच्या बोगादीत गंगाधररावांनी त्याच दिवशी स्वतःला माडीवरच्या खोलीत कोंडून घेतलं. पुढच्याच महिन्यात खाली नात जन्मली. सून नागरत्ना दाराशी ताट ठेवताना रोज विनवायची, "अप्पा, बाळाला एकदा तरी घ्या हो." ते आतूनच म्हणत, "बेडम्मा, नको गं, मला इतक्यात मरायचं नाही." कोरोना कुणाकुणाला होऊन गेला याच्या सरकारी पाहणीसाठी त्यांचं रक्त नेलेली डॉक्टरीण दिवाळीनंतर परत आली. "तुम्हाला कोरोना कधीच होऊन गेलाय. सुरुवातीला फक्त इस्पितळातले मोजले. घरीच बरे झालेले मोजलेच नाहीत. म्हणून शंभरातल्या पंधरांचा आकडा फुगला." गंगाधररावांना पावसाळ्यातला बारीकसा खोकला आठवला. कठडा धरून ते खाली उतरले आणि नातीला घ्यायला हात पुढे केले. ती किंचाळून आईला बिलगली. "तुम्हाला ओळखत नाही ना, अप्पा," नागरत्ना म्हणाली. ते शेवटच्या पायरीवर बसून राहिले.