वेगळी चूल

"वेगळं," हुमैराने पुन्हा म्हणून दाखवलं. "एवढंच म्हणायचं, मादर-जान. मदतीच्या ऑफिसातल्या बाई विचारतील, मुला-सुनेबरोबर शिजवता-जेवता की वेगळं? तुम्ही म्हणायचं, वेगळं. पुढे एक शब्द नाही."

तिच्या सासूबाई, बीबी सनोबर, सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या. समोर टेबलावर फोन होता आणि त्यातून सकाळपासून तेच ते संगीत वाजत होतं. मधूनच एक बाई थांबा म्हणायची. मग पुन्हा संगीत.

"आणि चूल?" बीबी सनोबर म्हणाल्या. "ती कुठे मांडलीय म्हणून सांगू? न्हाणीघरात?"

"चूल बघायला कोणी येत नाही."

"इथे चूल आहेच कुठे म्हणा. बटण आहे."

हुमैराला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हल्ली हसू, रडू, राग, सगळंच या फोनसारखं झालं होतं. थांबा म्हणायचं आणि यायचं नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर इथल्या केंद्र सरकारने निर्वासितांची धान्याची कार्डं बंद केली. हुमैराचा नवरा इद्रीस दिवसा गोदामात होताच, त्याने रात्रीची ऑफिसं झाडायची नोकरीही धरली. मग राज्य सरकारने स्वतःच्या पैशातून मदत सुरू केली, कार्डं गेलेल्यांसाठी. तेव्हा त्या दुसऱ्या नोकरीमुळे यांचं घर त्या मदतीच्या नियमात बसेना. कमाई जास्त झाली होती म्हणे. घरात कुणाला तसं जाणवलं नव्हतं.

तोड सांगितली खालच्या मजल्यावरच्या पलवशाने. म्हातारीची चूल वेगळी दाखवा, तिला एकटीला मिळेल. खोटं आहे, पण पोटात गेल्यावर कळतंय का कुणाला?

इद्रीसला ते लागलं. तिकडे मायदेशी, हेरातमध्ये, कुणाची चूल वेगळी झाली की शेजारपाजारचे तोंड पाडून भेटायला यायचे, मयताला यावं तसे. "म्हणजे माझ्या आईने परक्या बाईला सांगायचं, मुलगा मला जेवायला घालत नाही?" एवढं बोलून तो कामावर गेला. नको मात्र म्हणाला नाही.

संगीत थांबलं. ऑफिसातली बाई इंग्रजीत बोलली आणि तिच्यामागून दुभाषी बाईचा आवाज आला.

"काबूलची दिसतेय," बीबी सनोबर सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "अर्धं स्वतःच्या मनचं सांगेल."

"तुम्ही बोलाल तेवढंच सांगेन, खाला-जान," दुभाषी म्हणाली.

नाव झालं, पत्ता झाला. घरात माणसं किती, कमावणारा कोण, तेही झालं. मग तो प्रश्न आला.

हुमैरा खिडकीबाहेर बघत राहिली. सासूच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता. ही बाई खोटं बोलत नसे. सीमेवरच्या नाक्यावर पहारेकऱ्याने विचारलं तेव्हाही हिने खरं तेच सांगितलं होतं आणि सगळ्या कुटुंबाला बर्फात बसावं लागलं होतं.

"वेगळं," बीबी सनोबर म्हणाल्या.

आवाज कुठे अडखळला नाही. हुमैराने सुस्कारा सोडला. इद्रीस ऐकायला नव्हता हे बरं झालं.

"केव्हापासून?" दुभाषीने विचारलं.

हे शिकवलेलं नव्हतं. हुमैरा फोनकडे झुकली, तर सासूने हात वर करून तिला थांबवलं.

"कार्ड बंद झालं तेव्हापासून."

बरं सुचलं यांना, हुमैराच्या मनात आलं.

"तुमचं खाणं कुठून आणता?"

"जुम्याला मशिदीत नान वाटतात. ते आणून माझ्या कपाटात ठेवते. वाळले की चहात बुडवायचे. दात तरी कुठे राहिलेत."

"आणि घरातले जेवायला बसतात तेव्हा?"

"इथे थंडीत अंधार लवकर पडतो ना. मी सांगते, माझा रोजा सुटला, माझं खाऊन झालं. म्हाताऱ्या बाईचे राहिलेले रोजे फेडायचे असतातच, बाळंतपणातले, आजारपणातले. ते किती, कोण विचारतंय? मग मी पोरांना वाढते. इद्रीस दोन कामांच्या मधे येतो, त्याच्या ताटात मांस पडतंय ना ते बघते."

किती बेमालूम रचलंय, असं हुमैराला वाटत होतं. मग तसं वाटायचं थांबलं.

गेले कितीतरी दिवस ती भाताला एक मूठ तांदूळ कमी टाकत होती. तेवढ्यात भागतंय, उलट उरतंयसुद्धा, म्हणून. परवाच तिने पलवशाला अभिमानाने सांगितलं होतं, आपल्याला जमतं बाई, हात जरा आखडता घेतला की जमतं.

तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

दुभाषीने सगळं इंग्रजीत सांगितलं, सावकाश, काही न गाळता. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. ऑफिसातल्या बाईने आणखी एक काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतायत," दुभाषी म्हणाली, "घरातलं कुणी याला दुजोरा देईल का?"

बीबी सनोबर यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"सून देईल," त्या म्हणाल्या. "तिला आत्ता कळलं."