मचाणावरची हाक

ललितचा आवाज सारंगखेड्याच्या शेतात घडला, ज्वारीच्या मचाणावरून पाखरं हाकलताना. दुसऱ्या टोकाहून वडील लांब हाक द्यायचे, तो तितकंच लांब उत्तर द्यायचा.

इटलीत ऑपेरातली पहिली मोठी भूमिका मिळाली, तेव्हाच वडील अंथरुणाला खिळल्याचा आईचा फोन आला. "बाप तुन्ही वाट देखस."

"प्रयोग व्हताच गावले येस," तो म्हणाला.

तो पोचला, तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

दुपारी मचाणावर चढून त्यानं आपला सर्वांत उंच सूर लावला. एकही पाखरू हललं नाही.

शेताच्या रिकाम्या टोकाहून लांब हाक आली. सगळी पाखरं उडाली.

मचाणाखाली भाकरीचं फडकं सोडत आई म्हणाली, "रोज याच येळले तुना बाप हाक मारस. जबाब दे, नही ते बाप जवळ येस."

ललितनं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

हाक पुन्हा आली, अर्ध्या शेतातून.