पांढरा पट्टा

“खोटं तुमी बोललात आणि डाग मला दाखवता व्हय, साहेब?” हौसाबाईनं माइकसमोरच विचारलं. शाळेच्या पटांगणात बसलेली पोरं माना उंचावून बघू लागली.

फौजेतल्या लेकाच्या शवपेटीवरचा तिरंगा तिला घडी घालून मिळाला होता. तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि देव समजून रोज हळदकुंकू वाहिलं. आज स्वातंत्र्यदिनाला वीरमाता म्हणून तिचा सत्कार होता, म्हणून पोरांना दाखवायला ती तो छातीशी धरून घेऊन आली. पाहुणे म्हणून आलेल्या लष्करातल्या साहेबांनी घडी उलगडली न् कपाळाला आठ्या घातल्या. “आजी, झेंड्याला कुंकू लावत नाहीत. केशरी त्यागाचा, हिरवा समृद्धीचा, पांढरा सत्याचा. सत्याला डाग लागलेला चालत नाही.”

म्हातारीनं पुढं होऊन माइक धरला. पेटीसोबत आलेले हेच साहेब तेव्हा म्हणाले होते, “शत्रूशी लढता लढता गेला. पेटी उघडू नका.” तिनं उघडली नाही; शब्दावर विश्वास ठेवून तशीच सरणावर ठेवली. परवा लेकाचा पलटणीतला जोडीदार घरी आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. लढाई झालीच नव्हती. पोरगा नको नको म्हणत असताना ब्रेक नसलेली गाडी त्याला घाटात न्यायला लावली होती आणि ती दरीत कोसळली होती.

“आजी, दमलात तुम्ही, बसा,” म्हणत साहेबांनी माइककडे हात नेला.

“बसते. कुंकूबी धुते.” तिनं माइक सोडला नाही. “पर आधी ह्या पोरांदेखत खरं सांगा. माझ्या लेकाला त्या गाडीवर कुणी बसवलं?”